नाट्यपंढरीची रंगभूमी: सांगलीच्या नाट्यव्यवहाराचा आढावा

मराठी रंगभूमीच्या इतिहासात सांगलीला जे स्थान आहे, त्याचे या शहराच्या आकाराशी, लोकसंख्येशी किंवा आर्थिक बळाशी फारसे प्रमाण जुळत नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांच्या किंचित वर होती. म्हणजे हे पुण्या-मुंबईच्या तुलनेत लहान, पण तालुक्याच्या गावापेक्षा बरेच मोठे असे जोडशहर आहे. ‘नाट्यपंढरी’ हे बिरुद त्याला मिळून बराच काळ लोटला असला, तरी पंढरी म्हणजे जेथे वारी जाते ते ठिकाण. तेथे वर्षभर राहणाऱ्यांचा नित्यक्रम काय असतो, हा प्रश्न वेगळा आहे. सांगलीच्या रंगभूमीविषयीचे बहुतेक लेखन वारीविषयी, म्हणजे आरंभ, शताब्दी, संमेलने आणि गौरवपदके यांविषयी आहे. प्रस्तुत आढाव्यात त्या इतिहासाची दखल आवश्यक तेवढी घेऊन शहरातील नाटक प्रत्यक्षात कोण करते, कशासाठी करते, त्याचे किती प्रयोग होतात आणि ते कोण पाहते, या बाजूकडे अधिक लक्ष दिले आहे.

आरंभाची कथा सर्वपरिचित आहे. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळींनी सांगलीत यक्षगान पद्धतीचे खेळ केले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांना तशाच धर्तीचा, पण मराठी आणि अधिक नेटका खेळ रचण्यास सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ सादर झाले. आज ज्याला नाटक म्हणतात त्याच्याशी या खेळाचे साम्य मर्यादितच होते. कथानकाची पदे सूत्रधार आणि त्याचे साथीदार म्हणत, पात्रे त्या पदांबरहुकूम अभिनय करीत आणि मधले गद्य भाषण बहुधा आयत्या वेळी, आपापल्या वकुबानुसार करीत. सुरुवातीला गणपती आणि सरस्वती येत, विदूषक सूत्रधाराशी थट्टामस्करी करी, आणि राक्षसपात्रांच्या आरोळ्यांवरून पुढच्या पिढीने या नाटकांना ‘अललडुर्र’ असे हेटाळणीचे नाव दिले. या हेटाळणीत नव्या इंग्रजी शिक्षणाचा अहंकारही मिसळलेला होता, हे विसरता येत नाही. भावे यांचे कसब केवळ पदरचनेत नव्हते. त्यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्या त्यांच्या मागे दीर्घकाळ पडून राहिल्या आणि विसाव्या शतकात रामदास पाध्ये यांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या.

‘पहिले मराठी नाटक’ हा मान सांगलीला निर्विवादपणे देता येतो का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके रचली जात होती, आणि ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांतील बहुचर्चित उदाहरण आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, समकालीन समाजाचा प्रश्न घेऊन लिहिलेली, संवादांची निश्चित संहिता असलेली रचना म्हणून जोतीराव फुले यांच्या १८५५ मधील ‘तृतीय रत्न’ या नाटकाकडे बोट दाखवले जाते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारल्यामुळे त्याचा प्रयोग त्या काळात होऊ शकला नाही. कोकण-गोव्यातील दशावताराची परंपरा तर याहून जुनी आहे. या सर्व दाव्यांची मांडणी केल्यावर सांगलीच्या वाट्याला उरते ते असे: तंजावरची नाटके दरबाराबाहेर मराठी मुलखात आली नाहीत आणि फुले यांचे नाटक कागदावर राहिले, तर भावे यांच्या खेळातून फिरत्या मंडळ्यांची एक अखंड साखळी सुरू झाली. भावे यांना लावल्या जाणाऱ्या ‘जनक’ या शब्दापेक्षा ही साखळी महत्त्वाची आहे.

ती साखळी सुरू झाली तीही आश्रय तुटल्यामुळे. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाल्यावर संस्थानचा आधार संपला आणि मंडळीचा खर्च भागवण्यासाठी भावे यांना गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले, आणि राजाच्या मर्जीवर चालणारा खेळ प्रेक्षकाच्या पैशावर चालू लागला. पुढील दोन-तीन दशकांत इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, अळतेकर अशा गावांच्या नावाने मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांचे दौरे धारवाड-हुबळीपर्यंत जात, आणि मराठी नाटकांच्या त्या लोकप्रियतेची प्रतिक्रिया म्हणून गदगच्या शांतकवींनी कन्नड नाटक मंडळी उभारली. कर्नाटकातून आलेला प्रकार सांगलीत रूप पालटून पुन्हा कर्नाटकात गेला, हा देवघेवीचा धागा मराठीच्या अभिमानकथेत बहुधा गळून पडतो. मात्र सांगलीच्या दृष्टीने या घटनेचा परिणाम वेगळा होता. नाटक व्यवसाय झाले त्याच क्षणी ते मोठ्या बाजारपेठेकडे वळले आणि उगमाचे शहर मुक्कामाचे एक ठिकाण बनले. ही प्रक्रिया त्यानंतर अनेकदा घडली आणि आजही घडते.

गोविंद बल्लाळ देवल आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची उदाहरणे याच प्रक्रियेची आहेत. देवलांचा जन्म १८५५ मध्ये सांगलीनजीक कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे झाला. परंतु त्यांची घडण बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात आणि कामगिरी किर्लोस्कर नाटक मंडळीत झाली. बाला-जरठ विवाहावरील ‘शारदा’ (१८९९) हे त्यांचे स्वतंत्र नाटक मराठी सामाजिक नाटकाचा मानदंड ठरले. बालविवाह प्रतिबंधक ‘सारडा कायदा’ या नाटकावरून ओळखला जातो अशी एक समजूत अधूनमधून ऐकू येते, ती चुकीची आहे. ते नाव विधेयक मांडणारे हरबिलास सारडा यांचे आहे. मोलिएरच्या प्रहसनावर आधारलेले ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपात १९१६ मध्ये, म्हणजे देवलांच्या निधनाच्या वर्षी, रंगभूमीवर आले आणि आजही होते. खाडिलकर १८७२ मध्ये सांगलीतच जन्मले. त्यांचे ‘कीचकवध’ (१९०७) लॉर्ड कर्झनच्या राजवटीवरील रूपक म्हणून ओळखले गेले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. खाडिलकरही पुण्यात ‘केसरी’मध्ये आणि नंतर मुंबईत स्थिरावले. सांगलीने नाटककार दिले हे खरे, पण त्यांची नाटके सांगलीने घडवली असे म्हणता येत नाही.

शेजारच्या मिरजेचे कार्य याहून वेगळे, आणि कदाचित अधिक टिकाऊ आहे. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्या कारागिरांचे हे गाव संगीत नाटकांच्या कंपन्यांना सोयीचे होते. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेतून पहिले पाऊल टाकले ते १९०५ मध्ये मिरजेतच, आणि त्यांच्या कानाच्या विकारावर उपचारही येथील मिशन इस्पितळात डॉ. वॉनलेस यांनी केले. आज त्यांच्या नावाचे नाट्यगृह मिरजेत आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते; त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचाच, आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात या मताच्या संगीत नाटकांत त्या पुढे स्वतः उभ्या राहिल्या. मास्टर दीनानाथ यांचे बिऱ्हाड १९३० च्या दशकात सांगलीत होते. बोलपटांची लाट आली तेव्हा बलवंत संगीत मंडळीचे चालक असलेल्या दीनानाथांनी चित्रपटनिर्मितीचा मार्ग धरला आणि त्यात ते आर्थिकदृष्ट्या कोसळले. संगीत रंगभूमीच्या अस्ताची कारणे शोधताना अभिरुचीच्या बदलाविषयी खूप लिहिले जाते, पण मोठा कबिला, वादक, पडदे आणि भाड्याची नाट्यगृहे यांचा खर्च तिकिटांतून न निघणे हे कारण अधिक थेट होते.

कंपन्या मोडल्यावर सांगलीने स्वतःकडे जी भूमिका घेतली ती स्मृतिरक्षकाची होती. १९४३ मध्ये रंगभूमीची शताब्दी येथे साजरी झाली आणि त्या वेळच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष विनायक दामोदर सावरकर होते. ५ नोव्हेंबर हा ‘मराठी रंगभूमी दिन’ म्हणून रूढ झाला. अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती, तिचे भावे नाट्यमंदिर आणि तिच्यातर्फे दरवर्षी याच दिवशी दिले जाणारे विष्णुदास भावे गौरवपदक ही त्या वारशाची दृश्य रूपे आहेत. विक्रम गोखले, रोहिणी हट्टंगडी, सतीश आळेकर, प्रशांत दामले अशा नावांवरून या पदकाची प्रतिष्ठा कळते. २०१२ मध्ये श्रीकांत मोघे यांच्या अध्यक्षतेखाली नाट्यसंमेलन सांगलीत भरले. मोघे जन्माने जिल्ह्यातीलच किर्लोस्करवाडीचे असल्यामुळे तो एक घरचा सोहळाही झाला. शंभरावे संमेलन २०२० मध्ये होणार होते, ते करोनामुळे लांबले आणि अखेर २०२३ च्या डिसेंबरात त्याची मुहूर्तमेढ सांगलीत रोवून मुख्य सोहळा पिंपरी-चिंचवडला झाला. ही मांडणी नकळत बरेच सांगून जाते: मान सांगलीचा आणि मांडव मोठ्या शहराचा. गौरवपदकाच्या सायंकाळी नाट्यमंदिर भरते, परंतु पदक घेणारा कलावंत बहुतेक वेळा बाहेरचा असतो, आणि त्या गौरवाचा स्थानिक निर्मितीशी थेट संबंध जुळवण्याची योजना क्वचितच दिसते.

स्थानिक निर्मितीचा खरा कणा हौशी रंगभूमी हा आहे. ‘हौशी’ हा शब्द येथे कच्चेपणाच्या अर्थाने घ्यायचा नाही. ज्यांची उपजीविका नाटकावर अवलंबून नाही त्यांचे नाटक, एवढाच त्याचा अर्थ. बँका, महावितरण, शाळा-महाविद्यालये, दवाखाने आणि दुकाने यांत दिवसभर काम करून रात्री आठनंतर तालमीला जमणारी माणसे हा या रंगभूमीचा आधार असतो, आणि तिच्या कालचक्राचे नियमन राज्य नाट्य स्पर्धा करते. राज्य शासनाने १९५४ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा आज सांस्कृतिक कार्य संचालनालयामार्फत होते. वेगवेगळ्या शहरांतील केंद्रांवर प्राथमिक फेरी आणि तेथून निवडलेल्या प्रयोगांची अंतिम फेरी, अशी तिची रचना आहे. संगीत नाटक, संस्कृत नाटक आणि बालनाट्य यांच्या स्पर्धा निराळ्या होतात. या स्पर्धेचे मराठी रंगभूमीवरील ऋण मोठे आहे. ‘घाशीराम कोतवाल’सारख्या नाटकाचा पहिला प्रयोग १९७२ मध्ये याच स्पर्धेसाठी झाला होता, हे एक उदाहरण पुरेसे आहे. सांगलीत देवल स्मारक मंदिरासारख्या संस्थेने संगीत नाटकाची परंपरा चालू ठेवली. ऑर्गन-तबल्याच्या साथीत रंगमंचावर उभे राहून पद म्हणणारा नट तयार होण्यास जी वर्षे लागतात, ती देण्याची तयारी आज व्यावसायिक क्षेत्रात फारशी उरलेली नाही.

तरीही स्पर्धेने या रंगभूमीला जगवले तसेच तिला आपल्या साच्यातही बसवले. प्रयोग वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, परीक्षकांसमोर व्हायचा असल्यामुळे नाटकाची निवडच त्या दृष्टीने होते. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा आणि अभिनय यांना स्वतंत्र पारितोषिके असल्यामुळे प्रत्येक विभागाला ‘दाखवण्यासारखे’ काही मिळेल अशी संहिता पसंत केली जाते. परिणामी मनोविकार, मृत्यू, स्मृतिभ्रंश, युद्ध किंवा अनाम सत्ता यांभोवती फिरणारी, प्रकाशाचे झोत आणि पायऱ्यांचे चौथरे यांवर भिस्त असलेली, कोणत्याही शहरात घडू शकतील अशी नाटके मोठ्या संख्येने लिहिली जातात, आणि त्यांना ‘स्पर्धेचे नाटक’ असे वर्णनात्मक नाव नाट्यवर्तुळात रुळले आहे. हळदीचा बाजार, द्राक्षबागा, साखर कारखान्यांचे राजकारण, पश्चिमेचा पूर आणि पूर्वेच्या जत-आटपाडीचा दुष्काळ, एवढी सामग्री एका जिल्ह्यात असताना ती या नाटकांत तुरळकच येते. हा दोष लेखकांच्या प्रतिभेचा मानणे अन्यायाचे होईल. ज्या नाटकाचे एक किंवा फार तर चार-पाच प्रयोग होणार आहेत आणि ज्याचा निर्णायक प्रेक्षक तीन परीक्षक आहेत, त्याला स्वतःच्या गावाशी बोलण्याचे कारणच उरत नाही. नाटक प्रयोगागणिक दुरुस्त होत जाते, प्रेक्षकाच्या हशाने आणि शांततेने त्याची लय ठरते, हा नाट्यकलेचा मूलभूत व्यवहार आहे. हौशी रंगभूमीच्या वाट्याला तो येत नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव होय.

प्रयोगसंख्या न वाढण्यामागे आर्थिक कारणे आहेत. नाट्यगृहाचे भाडे, ध्वनी-प्रकाशाचे साहित्य, नेपथ्याची वाहतूक आणि जाहिरात यांचा खर्च प्रत्येक प्रयोगाला नव्याने करावा लागतो. तिकीट विकत घेऊन स्थानिक नाटक पाहण्याची सवय मात्र क्षीण आहे, कारण स्पर्धेतील नाममात्र दराने आणि ओळखीच्या प्रवेशिकांनी ती घडूच दिली नाही. त्याच शहरात मुंबईचे व्यावसायिक नाटक आले की चढ्या दराची तिकिटेही खपतात. हे नाटक दौऱ्यावर येते, म्हणजे नट, तंत्रज्ञ आणि नेपथ्य एका बसमधून निघून सातारा, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी असे सलग प्रयोग करतात. अनेकदा स्थानिक कंत्राटदार ठरावीक रकमेला प्रयोग विकत घेतो आणि तिकीटविक्रीचा नफा-तोटा त्याचा असतो. कंत्राटदार अर्थातच दूरचित्रवाणीवरील ओळखीचा चेहरा असलेले, दोन-चार पात्रांचे विनोदी नाटक पसंत करतो. त्यामुळे सांगलीच्या प्रेक्षकासमोर दोन टोके राहतात, एकीकडे पाहुण्यांचे करमणूकप्रधान नाटक आणि दुसरीकडे घरचे गंभीर नाटक, आणि मधली जागा, म्हणजे स्थानिकांनी केलेले व लोकांनी पैसे देऊन पाहिलेले नाटक, रिकामी आहे.

वास्तूंचा प्रश्न या शहरात नदीशी जोडलेला आहे. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीचा जुना भाग पाण्याखाली गेला. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी सत्तावन्न फुटांवर पोहोचली, तर तेथील धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. नदीकाठच्या वस्तीतील नाट्यगृहात पाणी शिरले की खुर्च्या, लाकडी रंगमंच, पडदे आणि विद्युत यंत्रणा एकदमच निकामी होतात, आणि दुरुस्तीच्या महिन्यांत तालमी व प्रयोग दोन्ही थांबतात. पन्नासेक किलोमीटरवरील कोल्हापुरात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले, तेव्हा या पट्ट्यातील दौऱ्यांचे एक महत्त्वाचे ठिकाण नाहीसे झाले. मोठ्या नाट्यगृहांवर एवढी मदार असताना शंभर-दीडशे प्रेक्षकांच्या लहान रंगमंचाकडे, जेथे भाडे कमी आणि सलग प्रयोग शक्य असतात, मध्यम शहरांनी दुर्लक्ष करावे हे आश्चर्याचे आहे. शाळांची सभागृहे सुटीच्या दिवशी रिकामी असतात. त्यांत थोडे दिवे आणि काळे पडदे यांची सोय करणे महानगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही.

‘नाट्यपंढरी’च्या प्रचलित वर्णनात आणखी एक मोठी पोकळी आहे, ती लोकरंगभूमीची. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे, लोकनाट्याला श्रमिकांच्या चळवळीचे साधन बनवणारे अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातील वाटेगावचे, आणि सांगलीच्या अगदी जवळच्या कवलापूरने काळू-बाळू ही जुळ्या भावांची विख्यात जोडी दिली. लहू आणि अंकुश खाडे या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या भूमिकांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांना हसवले. वग म्हणजे तमाशातील गण, गौळण आणि बतावणी यांनंतर येणारे कथानाट्य. त्याची संहिता ढोबळ असते आणि संवाद बरेचसे नटाच्या हजरजबाबीपणावर सोपवलेले असतात. भावे यांच्या मूळ नाटकाशी रचनेच्या अंगाने साधर्म्य शोधायचे, तर ते आजच्या दोन अंकी नाटकापेक्षा या वगाशीच अधिक सापडते. असे असूनही ५ नोव्हेंबरच्या उत्सवात तमाशाला मिळणारे स्थान किरकोळ असते आणि जत्रांच्या हंगामात कनातीत वग पाहणारा प्रेक्षक व नाट्यमंदिराचा प्रेक्षक एकमेकांना ओळखत नाहीत. यामागे जातीचे आणि प्रतिष्ठेचे जुने हिशोब आहेत, आणि ते कलेच्या श्रेणींची भाषा वापरून झाकले जातात, हे स्पष्ट म्हणणे भाग आहे. तमाशा फडांची अवस्था कर्ज, डिझेलचा खर्च आणि ऑर्केस्ट्राची स्पर्धा यांनी बिकट झाली असताना हा दुरावा दोन्ही बाजूंना परवडणारा नाही.

तरुणांच्या बाबतीत चित्र अधिक हलते आहे. विलिंग्डन आणि वालचंद यांसारख्या महाविद्यालयांतून एकांकिकांचे संघ तयार होतात. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या धर्तीवरील स्पर्धांमुळे पाऊण तासात नाट्य उभे करण्याची चुरस त्यांच्यात असते, आणि वर नोंदवलेला विषयांचा तुटवडा एकांकिकांत कमी जाणवतो. बोली, गावाकडची नाती आणि शेतीतील ताण तेथे सहज येतात. अडचण पदवीनंतर सुरू होते. ज्यांना हे काम पूर्णवेळ करायचे असते ते मुंबई-पुण्याला जातात, मालिका आणि चित्रपटांत स्थिरावतात. सई ताम्हणकर हे सांगलीच्या रंगमंचावरून पुढे गेलेले ठळक नाव. जे मागे राहतात ते नोकरी सांभाळून हौशी संस्थांत येतात, पण एकांकिकेतील भाषा तेथे घेऊन येत नाहीत, कारण तीन परीक्षकांसमोरच्या दोन अंकी नाटकाचे संकेत वेगळे आहेत. स्त्री-कलावंतांची गळती याहून जास्त आहे. रात्री उशिरापर्यंतच्या तालमी आणि लग्नानंतरची घरची जबाबदारी यांमुळे अनुभवी अभिनेत्री मिळणे दुर्घट होते, आणि त्याचा परिणाम संहितेच्या निवडीवरही होतो.

राहता राहिला तो नोंदींचा प्रश्न. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे प्रत्येक स्थानिक नाटकाची एक प्रत कोणत्यातरी टप्प्यावर शासनदरबारी पोहोचलेली असते. गावात मात्र ती संहिता छापली जात नाही, प्रयोगाचे परीक्षण वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर निकालाच्या बातमीपुरते आटोपते, आणि छायाचित्रे संस्थाचालकांच्या घरी राहतात. भावे यांनी आपली पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने १८८५ मध्ये छापून ठेवली, म्हणून त्यांच्या खेळाचा अभ्यास आज करता येतो. गेल्या सत्तर वर्षांत सांगलीत लिहिल्या गेलेल्या हौशी नाटकांची तेवढीही सोय नाही. नाट्य विद्यामंदिर समिती, महाविद्यालयांचे मराठी विभाग आणि स्पर्धेत उतरणाऱ्या संस्था यांनी संहितांच्या प्रती एकत्र करायला घेतल्या, तर या शहराच्या नाटकाविषयी पुढचा आढावा पदके आणि संमेलनांऐवजी नाटकांवरून लिहिता येईल.